काकडाशिवाय शेवळं

लोकांना भाज्या खायला लावणं हा माझा धंदा. तरीही मुलुंडच्या एका डोंगरउतारावरच्या अर्ध्या भाज्या मीच उपटून टाकल्या, आणि वर त्याबद्दल मला एक टोपी मिळाली.

झालं असं. आहारतज्ज्ञ म्हणून मी अंधेरीतल्या एका कंपनीत जायचो. खुर्चीत बसून पोटं सुटलेल्या मंडळींना भाकरी खा म्हणून सांगायचो, ती मान डोलवायची आणि खाली जाऊन वडापाव खायची. शनिवारी मात्र मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यावर फुकट दवाखाना असे, तिथे बसायचो. कंपनीत समाजकार्याचं खातं बघणाऱ्या मॅडमना वृक्षारोपणासाठी जागा हवी होती. मी ऐटीत म्हटलं, "पाड्यामागे उतार आहे ना! नुसतं गवत माजलंय."

माझं वनस्पतिज्ञान मेथीच्या जुडीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

जुलैत बसगाड्या आल्या. पाड्यातल्या बाया बाजारात गेल्या होत्या. आम्ही अर्ध्या उतारावरचं 'तण' साफ केलं, खड्डे खणले, गुलमोहर लावले, फोटो काढले. सगळ्या फोटोंत मी पुढे, कंपनीने बक्षीस दिलेली हिरवी टोपी घालून.

पुढच्या शनिवारी साखर वाढलेली एक मावशी समोर येऊन बसली.

"मावशी, रोज पालेभाजी खा."

"कुठली?"

"टाकळा, कुर्डू... तुमच्या तर दारातच आहे."

"होती. टाकळा तू उपटलास. कुर्डू तू उपटलास. शेवळाचे कंद खणून फेकलेस. आता काय तुझा गुलमोहर शिजवू, डॉक्टर?"

"मी डॉक्टर नाही. आहारतज्ज्ञ."

"म्हणजे खाण्यातलं कळतं तुला?"

रांगेतल्या बाया हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकही हसली नाही.

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे कोंब. ते खुडायचे, कंद जागच्या जागी ठेवायचा, की पुढच्या वर्षी पुन्हा भाजी. पाडा तीच खातो, उरलेली मुलुंडच्या बाजारात विकतो. पुढच्या जूनमध्ये आम्ही खणलेल्या भागात एकही कोंब आला नाही. गुलमोहर तर बकऱ्यांनी केव्हाच संपवले होते.

आणि मॅडमचा फोन! "सर, यंदा उरलेला अर्धा भाग घेऊ या."

मी धावत अंधेरी गाठली. "मॅडम, झाडं लावू नका."

"सर, तुम्ही पर्यावरणाच्या विरोधात आहात?"

"अहो, तिथे भाजी आहे."

"गवत आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना!"

कपाळ माझं! तासभर मी घसा फोडला. मॅडम इतक्या गोड हसत होत्या की मला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. शेवटी ठरवलं, यांना खायलाच घालायचं. चव कळली की उतार वाचेल.

मावशीने शेवळं दिली, बरोबर मूठभर काकडं. काकड म्हणजे आवळ्यासारखं हिरवं, आंबट फळ. "हे विसरू नको," ती म्हणाली. विसरलो नाही हो! मुद्दाम वगळलं. अर्ध्या ऑफिसला ॲसिडिटी, त्यांचं आंबट मीच बंद केलेलं. आता स्वतःच कसं घालणार? भाजी चाखलीही नाही, कारण दुपारपर्यंत न जेवण्याचं माझं नवं फॅड चालू होतं.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी वाखाणत खाल्ली. मग एकजण खोकला. दुसऱ्याने घसा धरला. "यार, आत काहीतरी टोचतंय!" पाच मिनिटांत अख्खं टेबल खाकरत होतं. कोणी ताक मागवलं, कोणी गूळ. शेवळाची खाज काकडाच्या आंबटाने मरते, हे मला तेव्हा कळलं. खाज तासाभरात उतरली, पण मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "हे त्या उतारावर उगवतं? आणि आमची माणसं तिथे मातीत हात घालणार?"

वृक्षारोपण रद्द. त्याच दिवशी मीही रद्द.

मावशीला सांगितलं तर ती दाराचा खांब धरून हसली. "काकड नाही घातलंस? अरे देवा!" पण तिचा अर्धा उतार वाचला होता.

तेवढ्यात कंपनीतल्या एका जुन्या पेशंटचा फोन आला: आता बोरिवलीचा एक उतार ठरतोय. तिथेही पाडा, तिथेही म्हणे नुसतं गवत. परवा जागा बघायला येणार. मी वैतागून मावशीला म्हटलं, "आता मी काय करू? मला कोण विचारतंय तिथे?"

"तिथे माझी नणंद राहते," मावशी म्हणाली. "पाहुणे येतायत, तर जेवायला घालू की. तू बनव. हात बसलाय तुझा."

तिने शेवळाची जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी काकडांकडे हात नेला, तसा तिने तो फटकन बाजूला केला.

"ती राहू दे."