वायूची रेघ

डोरीन सटक्लिफ खाणकामगाराची मुलगी. विद्यापीठात शिकली आणि तिथेच प्रोफेसर पेम्बर्टनच्या हाताखाली खाणींसाठी प्रोग्रॅम लिहायला लागली. हॅगथॉर्पच्या कोळसाखाणीत ठिकठिकाणी छोटे कॉम्प्युटर बसवले होते. एक पंपावर लक्ष ठेवी, एक खाणीत साचणाऱ्या स्फोटक वायूवर, एक कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. त्यांच्यात काही बदलायचं म्हटलं की सगळंच बंद करावं लागे, आणि पंप थांबले की खाली पाणी चढे. डोरीनने खपून तोड काढली. पडद्यावर प्रत्येक कॉम्प्युटरचा एक चौकोन, आणि कुणाचा निरोप कुणाला जातो ते दाखवणाऱ्या रेघा. रेघ तोडा, दुसरीकडे जोडा, खाली बाकीचं काम चालूच.

खाणकामगारांचा मोठा संप मोडल्यानंतरच्या वर्षी ती नवा पंप जोडायला खाणीवर गेली. मॅनेजर क्रॅबट्रीने साय धरलेला चहा पुढे सरकवला. पडद्याकडे पाहून ती थबकली.

"वायूपासून पट्ट्याकडे जाणारी रेघ कुठंय?"

"काढली. वायू जरा वाढला की पट्टा बंद पडायचा. मग कोळसा कोण काढणार, तुझा प्रोफेसर?"

"तो बंद पडायलाच हवा. एक ठिणगी पुरते."

"खाणतपासणीचा इन्स्पेक्टर यायचा असला की जोडतो ना परत. तुझीच करामत, पोरी. कुणाला पत्ताही लागत नाही." तो हसता हसता हातावर खोकला आणि त्याच हाताने त्याने तिची पाठ थोपटली.

चहा तसाच टाकून डोरीन कॅन्टीनमध्ये गेली. पाळीवर उतरणारी माणसं पाव खात बसली होती. तिने त्यांना सगळं सांगितलं.

नॉर्मन नावाचा म्हातारा म्हणाला, "म्हणजे तू हे बनवलं नसतंस, तर त्याला हे जमलं नसतं."

"नसतं."

त्याने बशी दूर सारली. त्या पाळीला कुणीच खाली उतरलं नाही. दुपारी क्रॅबट्रीने शिव्या घालत रेघ जोडली.

डोरीनने मग प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली, की वायूची रेघ कुणाला तोडताच येऊ नये. प्रोफेसर पेम्बर्टननी ती काढायला लावली.

"गिऱ्हाईक नाराज होतं, डोरीन. कुठलीही रेघ हलवता येते, हेच तर आपण विकतोय."

"मग माझं नाव काढा त्यावरून."

"तुझं नाव माझ्या आधी, पहिलं हवंय का? तसं सांग ना, बघू काहीतरी."

माणूस चेष्टा करत नव्हता. तिने कोट उचलला. पुढे ती गावातल्या शाळेत गणित शिकवू लागली. पेम्बर्टनचं नाताळचं कार्ड दरवर्षी येई. ती ते न उघडता शेगडीत टाकी.