एक तास दहा मिनिटं

आमच्या विमानतळापासून पलीकडचा विमानतळ चारशे बारा किलोमीटर. विमानाने एक तास दहा मिनिटं, रस्त्याने दोन दिवस, तेही घाट उघडा असेल तर. वारेमास्तरांनी हे मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन.

विमानतळ म्हणजे काय, तर एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली, मी, माझा आगीचा बंब आणि वारेमास्तर. अकरा वर्षांत बंबाने एकच आग विझवली, ती मास्तरांच्या स्टोव्हची. त्यांचं काम मात्र खरं. दर मंगळवारी सकाळी ते वारा मोजायचे आणि वायरलेसवर पलीकडे आकडा सांगायचे. पंधराच्या आत असेल तरच तिकडून विमान निघायचं. मग ते येऊन, परत जाऊन, तिकडून "टेकलं" असा निरोप येईपर्यंत मास्तरांनी खुर्ची सोडायची नाही, असा नियम. त्यामुळे एकोणीस वर्षांत ते स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत.

पलीकडे त्यांची ताई राहायची. आई लवकर गेली, मास्तरांना वाढवलं तिनेच. ती अंथरुणाला खिळली आणि फोनवर एकच धोशा लावला, "अरे, तासाभराचं तर अंतर. एकदा तोंड दाखवून जा."

घाट बर्फाने बंद, म्हणून मास्तरांनी बदली माणूस मागितला. त्याला ऑफिसने चार महिने लावले, मेल्यांनी! शेवटी ठरलं: मंगळवारच्या विमानाने बदली माणूस येणार, त्याच विमानाने मास्तर जाणार. सोमवारी त्यांनी केस कापून घेतले. मीच कापले, कानाजवळ जरा चुकलंच. ताईसाठी घेतलेले लोकरीचे मोजे बॅगेत सगळ्यात वर ठेवले.

मंगळवारी सकाळी असा वारा सुटला की उभं राहवेना. मास्तर यंत्राजवळ बराच वेळ थांबले. मी वाकून आकडा पाहिला. अठरा.

"चौदा सांगा," मी म्हणालो. "इथे कोण बघायला येतंय?"

"विमानात नऊ माणसं असतात रे."

"आणि तुमची ताई?"

त्यांनी पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलं. वायरलेस उचलून म्हणाले, "अठरा." तिकडून उत्तर आलं, "आजचं विमान रद्द." माझं डोकं असं सणकलं की मी बंबाच्या चाकाला लाथ घातली. पाय आठवडाभर सुजला, ते वेगळं.

शुक्रवारी ताई गेली.

पुढच्या मंगळवारी वारा जवळजवळ नव्हताच. विमान आलं, बदली माणूस उतरला. मास्तरांची जागा राखलेली होती. मी बॅग घेऊन गेलो. "जा मास्तर. निदान घर तरी बघून या."

"दार कोण उघडणार?" ते म्हणाले.

विमान ती रिकामी जागा घेऊन उडालं. बदली माणूस म्हणाला, "आता मी बसतो." मास्तर हलले नाहीत. मोजे मांडीवर धरून एक तास दहा मिनिटं तिथेच बसले. मग वायरलेस खरखरला, "टेकलं." त्यांनी वहीत वेळ लिहिली, आणि तेव्हा कुठे रडले.