तात्यांनी घासलेला कॅथोड

तात्यांना मळकं काही म्हणून बघवत नसे. टपरीवर गेले तरी आधी टपरीवाल्याचे कप स्वतः विसळणार, मग चहा पिणार. "लई घान ठिवतो बे तू," असं त्याला रोज सुनवायचे आणि तो रोज दात काढायचा.

बीडजवळच्या आमच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरेट नावाचं रसायन बनायचं. मी तिथली केमिस्ट, तात्या टाक्या सांभाळणारे. चकलांब्याचा माणूस, भाऊ मेंढरांमागे आणि हे टाक्यांमागे. त्यांच्या हातांवर जुने व्रण होते, नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. टाकीत आम्ही डायक्रोमेटची नारिंगी पूड घालायचो, तिचा हा प्रसाद. "म्याडम, भाकर करपली तरी मला वास येत न्हाई आता," म्हणायचे आणि वर हसायचे. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा.

पण पुडीवाचून भागेना. वीज टाकीतल्या एका धातूच्या पट्टीवर माल बनवते आणि समोरच्या पट्टीवर, म्हणजे कॅथोडवर, तोच माल परत मोडते. पुडीमुळे कॅथोडवर पातळ पापुद्रा धरतो आणि मोडणं थांबतं. मग पापुद्रा आधीच चढवलेली पट्टी वापरली तर? मोठ्या साहेबांच्या विनवण्या करून चाचणीसाठी एक छोटी टाकी मिळवली. दोन वर्षं नुसता वैताग! थर कधी सोलून निघे, कधी आठवड्यात विरघळे. शेवटी एक तपकिरी, मळकट थर टिकला. पूड न घालताही माल पूर्ण उतरला.

"तात्या, आता ही पूड तुमच्या हाताला लागणार नाही," मी म्हटलं.

"खरंच व्हय?" म्हणाले, आणि कितीतरी वेळ आपले हात बघत उभे राहिले.

सोमवारी मोठे साहेब बघायला येणार होते. रविवारी टाक्या बंद. सोमवारी सकाळी टाकी चालू केली तर माल निम्माही उतरेना. मी वायरी तपासल्या, मीठ तपासलं, डोकं धरून बसले. मग पट्टी बाहेर काढली. नव्या ताटासारखी लख्ख!

"तात्या, हे काय केलंत?"

"काल चिंच लावून घासली की! सायेब येनार, आन पट्टी कावून आशी काळी ठिवायची?"

मी जे ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. पुन्हा थर चढवायला मी दोन महिने मागितले. साहेब म्हणाले, "चिंचेनं निघतो तो थर कारखान्यात काय टिकणार?" प्रयोग तिथेच गुंडाळला. अहवालात मी संतापून कारण लिहिलं: कामगाराची चूक. खाली तात्यांची सही लागत होती. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी ती न वाचता केली.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी माझ्याकडे आले, तेव्हा न राहवून मी त्यांना तो पापुद्रा काय होता ते सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी त्यो मळ माह्यासाठीच व्हता?" ते म्हणाले. "म्याडम, आदी सांगितलं आसतं तर म्या त्याला पान्याचा हातबी लागू दिला नसता."

दोन वर्षं तो माणूस रोज माझ्या शेजारी उभा होता. एकदा, फक्त एकदा सांगायचं होतं.