हे चाखायचे, मी गाडी चालवायची

यांच्या जाण्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. मीच ती सगळ्यांना सांगितली. लेक आत तिच्या बाबांजवळ बसली होती आणि मी ओट्यावर फोन घेऊन एकेक नंबर लावत होते... नातेवाईक, शाळेतल्या जुन्या बाया, यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीतले यांचे सोबती. रडू आलं नाही. इतकी वर्षं वर्गात हजेरी घेतलेला आवाज सवयीने चालत राहिला. पलीकडून आधी "अरेरे" यायचं, आणि मग एखादा दबक्या आवाजात विचारायचा, "वैनी, ते वाईन... त्याच्यानंच झालं का जी?" पहिल्यांदा मला प्रश्न कळलाच नाही. दुसऱ्यांदा मी फोन ठेवून दिला. तिसऱ्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. नवरा आत चादरीखाली निजलेला, आणि लोकांना त्याच्या बाटलीची काळजी! म्हणून आता, घर रिकामं झाल्यावर, हे लिहायला बसले आहे. माझे उत्तमराव कशाने गेले आणि काय चाखून गेले, हे माझ्याशिवाय नीट कुणाला ठाऊक नाही.

मी बोरी अरबजवळच्या एका तांड्यावरची. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. माझ्या वडिलांच्या वाट्याला शेती आली आणि तिच्यासोबत मोहाची दारू. वडील फार प्रेमळ होते, पण सकाळी. दिवस कलला की ते आमचे नसायचे. ते गेले तेव्हा मी शाळेतच होते. त्या दिवशी याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पायाला हात लावून मी शपथ घेतली की हा पदार्थ माझ्या जिभेला लागणार नाही. पुढे मास्तरीण झाले, बायांना गोळा करून तांड्यातांड्यावरच्या भट्ट्या फोडल्या. मडकं फुटल्याचा आवाज मला अजून आवडतो. लग्नाच्या बोलणीत माझी एकच अट होती, मुलगा पिणारा नको. उत्तमराव पीत नव्हते. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, हात ग्रीसने काळे, मन स्वच्छ, आणि गालात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा आमच्याकडे कुणी व्यसनात धरत नाही. पाहुण्याला पाणी विचारावं तसा विचारतात. मीसुद्धा भिंतीवरच्या डागांपुरतीच भांडायची. सारं घर दारू आत येऊ नये म्हणून दारात पहारा देत बसलं, आणि चोर आधीच घरात जेवत होता.

निवृत्तीनंतर आम्ही लेकीकडे नाशिकला गेलो. जावयांनी हौसेने द्राक्षांचा मळा आणि तिथली वायनरी दाखवायला नेलं. मी मान ताठ करून लिंबूपाणी घेऊन बसले. यांच्यापुढे काचेच्या पेल्यांत चार-चार घोट ओतून ठेवले होते. तिथे समजावून सांगणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. तिने यांच्या गालाकडे पाहिलं आणि अगदी आदराने म्हणाली, "काका, तोंडात ते आहे तोवर तुम्हाला पाण्याचीही चव कळणार नाही." हे एवढे लाजले की विचारू नका. उठून बाहेर गेले, खर्रा टाकला, नळाखाली खळखळून चुळा भरल्या, परत येऊन एक घोट तोंडात धरला. पहिल्यांदा चष्मा लागलेलं पोर फळ्याकडे बघतं ना, तसा चेहरा झाला. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "मास्तरीण, हे अंबाडीच्या बोंडावाणी हाये. आंबट, अन् मंग मांगून तुरट." तिथे घोट घेऊन थुंकायला एक भांडंही ठेवलेलं होतं. जाणकार माणसं चाखतात आणि थुंकतात म्हणे. मी म्हटलं, "यांना बाकी काही शिकवा, थुंकायचं शिकवू नका, त्यात यांचा जन्म गेला." सगळे हसले, हेही हसले. पण त्या दिवसानंतर खर्रा यांच्या तोंडात गेला नाही. "जीभ कोरी पाह्यजे," म्हणायचे. ज्या पदार्थाविरुद्ध मी आयुष्य घातलं, त्याच्याच दारात माझा नवरा तंबाखू टाकून आला. देवालाही काय विनोद सुचतात.

मग तो नादच लागला. वर्षातून एक-दोनदा आम्ही निघायचो. कधी नाशिककडे, कधी सांगलीकडे, कधी कुणी जांभळाची करतो, कुणी बोरांची करतो असं कानावर आलं की तिकडे. माझी अट ठरलेली होती. तुम्ही चाखा, गाडी मी चालवणार, आणि बाटली घरात येणार नाही. पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले ती याच्यासाठी. हे चाखायचे, थुंकायचे, शेजारच्या सीटवर येऊन बसायचे आणि वाटभर मला चव सांगत राहायचे. कुठली वाईन भाजलेल्या तुरीच्या शेंगांच्या धुरासारखी, कुठली कोऱ्या मडक्यातल्या पाण्यासारखी, एक तर चक्क माझ्या सासूबाईंच्या शिकेकाईच्या डब्यासारखी. मी कधी थेंब घेतला नाही, पण महाराष्ट्रातल्या निम्म्या वाईन मला ठाऊक आहेत. एकदा नागपूरजवळ एकाने केलेली संत्र्याची वाईन यांना इतकी आवडली की चोरून बाटली डिकीत टाकली. मध्ये वर्धा जिल्हा, दारूबंदीचा. हद्द जवळ आल्यावर यांनी भीतभीत कबुली दिली. भट्ट्या फोडणारी बाई, आणि तिच्याच डिकीत बाटली! मी करकचून ब्रेक मारला. ढाब्यावर गाडी उभी करून बाटली त्या मालकाला देऊन टाकायला लावली. देण्याआधी यांनी एक घोट तोंडात धरला, थुंकला, गाडीत बसले आणि यवतमाळ येईपर्यंत संत्र्याच्या सालीवर बोलत होते. एका ठिकाणी मात्र मोहफुलांची वाईन होती. मी गाडीतून उतरलेच नाही. काचेच्या फटीतून वास आला आणि मला वडिलांचं धोतर आठवलं. हे परत आले, पट्टा लावला. मग एवढंच म्हणाले, "हे तुले नाई सांगत." मी स्टिअरिंग घट्ट धरून पुढे बघत राहिले. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलेलं नाही.

गालाच्या आत पांढरा चट्टा यांनीच आधी पाहिला, आरशात. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खर्रा किती वर्षं? हे अभिमानाने म्हणाले, "कवाच सोडला जी." डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले. सोडला होता, पण त्याआधीची सगळी वर्षं गालात जमा होती... ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक. गळा, जीभ, सगळं भाजून निघालं. घास उतरेना, आणि त्याहून वाईट म्हणजे चव गेली. वरण ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, म्हणायचे. आंबा दिला तर मेण. दुखण्याला हे कधी रडले नाहीत, आंब्याला रडले.

लेक भेटायला आली तेव्हा जांभळाच्या वाईनची बाटली घेऊन आली. मी तिला अडवलं नाही. आमच्या घरात आलेली ती पहिली बाटली. लेकीने बाबांच्या ओठांना कापसाने दोन थेंब लावले. यांनी वाट पाहिली, डोळे मिटून, खूप वेळ. मग मान हलवली. काहीच नाही. लेक उठून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा हे माझ्याकडे बघून तुटक तुटक म्हणाले, "तू चाख. अन् मले सांग."

"अहो, माझी शपथ आहे."

"थुंकून दे ना. शपथ पेण्याची व्हती."

"जिभेची होती," मी म्हटलं.

यांनी हट्ट केला नाही. मान भिंतीकडे वळवली आणि माझ्या ओढणीची कड तेवढी चिमटीत धरून ठेवली. हट्ट केला असता तर मी भांडले असते, जिंकलेही असते. पण ती चिमूट... दुसऱ्या दिवशी लेकीला यांच्याजवळ बसवून मी एकटी गाडी घेऊन तांड्यावर गेले. याडी आता पार वाकली आहे, कानांनी कमी ऐकते. ओसरीत बसून तूर निवडत होती. मी तिच्या पायांशी बसले आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. याडीचा हात सुपात तसाच थांबला. म्हणाली, "तुया बाप एवढी वर्सं पेला. कसं लागते थे, मले कधी सांगतलं नाई. मी एक डाव इचारलं व्हतं, त मारलं." मग परत तूर निवडायला लागली. "तुया माणूस तुले इचारून राह्यला. जाय. सांग त्याले."

गाडी कशी चालवत आले ते आठवत नाही. आल्याबरोबर हात धुतले, चमचाभर वाईन ओतली. यांना उशीला टेकवून बसवलं. मी कशात थुंकणार, म्हणून यांनी स्वतःच उशाशी ठेवलेलं स्टीलचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या डाव्या बाजूला धरलं. मी डोळे मिटून चमचा तोंडात घेतला. जळजळ होईल असं वाटलं होतं. तशी झाली नाही. भांड्यात थुंकले आणि म्हटलं, "जांभळासारखं लागतंय."

हे हसले. भाजलेल्या तोंडाने जेवढं हसता येईल तेवढं हसले. "हे त लेबलवर बी लिवलं हाये, मास्तरीण."

मग मी दुसरा चमचा घेतला आणि खरंच विचार केला. म्हटलं, "शाई. दौतीतली शाई आम्ही लहानपणी चाटायचो, तशी सुरुवात आहे. मग शाळेच्या मागच्या झाडाखाली पडून फुटलेलं जांभूळ, माती लागलेलं. गोड म्हणावं तर गोड नाही. आणि शेवटी हिरड्यांना तुरट पकडून ठेवतं, सोडत नाही." हे डोळे मिटून ऐकत होते. त्यांची जीभ तोंडात हळूहळू फिरली, टाळूला लागली. मग गळ्याची घाटी वरखाली झाली. कितीतरी दिवसांनी त्यांनी काहीतरी गिळलं होतं. "आलं," म्हणाले. "आलं व मले."

त्यानंतर रोज दिवेलागणीला आमचा हाच कार्यक्रम. हे भांडं धरायचे, मी चाखायची, थुंकायची, सांगायची. रोज काहीतरी नवीन सापडायचं. एके दिवशी म्हटलं, नव्या कोऱ्या पाठ्यपुस्तकाचा वास येतो, तर म्हणाले, "मास्तरीणच ते, दुसरं काय याईन!" आयुष्यभर यांनी मला सांगितलं, आता मी यांना सांगत होते. मला वाटायचं, बाटली आहे तोवर माणूस आहे. माणूस आधी गेला. बाटलीत बोट-दोन बोटं उरली.

तेराव्याला अंगणात पान वाढलं. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी त्याच्या आवडीचं सगळं पानावर ठेवतात. माझे धाकटे दीर वणीहून आले होते, कोळशाच्या ट्रकवर असतात. त्यांनी खिशातून देशीचा पव्वा काढला आणि पानाशेजारी ठेवला. मी विचारलं, "हे काय?"

"भाऊले आवडे ना, वैनी. जीव घुटमळला नाई पाह्यजे."

"तुमचा भाऊ पीत नव्हता."

"आता कायले लपवता?" दीर रडतच होते, वाईट मनाने बोलत नव्हते. "साऱ्या गावाले मालूम हाये."

अंगणात सगळे होते. फोनवर विचारणारे होते, याडी होती, ज्यांच्यासोबत मी मडकी फोडली त्या बाया पदर डोक्यावर घेऊन ओळीने बसल्या होत्या. मी पव्वा उचलला, दिरांच्या हातात परत दिला. आत जाऊन ती जांभळाची बाटली आणि चमचा घेऊन आले. बायांमध्ये कुजबुज झाली. होऊ दे म्हटलं. पानासमोर उभी राहिले, चमचा भरला आणि सगळ्यांदेखत तोंडात घेतला. तोंडात तो घोट धरूनच, जमेल तसं, मोठ्याने सांगायला लागले. म्हटलं, "अहो, ऐका. बाटली उघडी राहून राहून आंबली आता. लोणच्याच्या बरणीचं झाकण चाटल्यावाणी लागून राह्यली. नाकात जाते. पण खाली, अगदी खाली, अजून जांभूळ हाये. गेलं नाही ते. हाये."

मी सवयीने डावीकडे वळले, थुंकायला. तिथे भांडं नव्हतं. कुणी ते धरून उभं नव्हतं. तोंडात तो घोट घेऊन मी तशीच उभी राहिले, वाट बघत...

मग गिळला.