भेटून राहिलो

"फळ्यावर लिही. कागदावर लिहिलंयस तसंच. सगळ्यांना दिसू दे."

सरांनी मार्कर पुढे केला. मी लिहिलं. 'मी आता सगळ्यायले भेटून राहिलो. सामान वाटून राहिलो.' ओळ उताराला लागली. सरांनी लाल मार्करनं 'सगळ्यायले'भोवती गोल काढला आणि विचारलं, "ही कुठल्या वस्तीतली भाषा?"

मागून हसू आलं. खोलीत आम्ही तिघंच शिकाऊ. बाकी दोघं नागपूरची. त्यांच्या घरीही असंच बोलतात. तीच हसली. सर त्यांना 'तुम्ही' म्हणायचे. मला 'तू'.

धंतोलीतलं खाजगी क्लिनिक. दर शनिवारी सकाळी आठवड्याच्या पेशंटच्या नोंदी आम्ही वाचायच्या, सरांनी तपासायच्या.

माझं घर बुलढाणा जिल्ह्यात. एसटीनं आख्खा दिवस जातो. आई गेली तेव्हा मी नववीत होते. चूल माझ्याकडे आली, शाळा गेली. पुढे मावशीच्या ओळखीनं नागपूरला आले. सीताबर्डीच्या दुकानात साड्यांच्या घड्या मोडल्या, घातल्या. मग एका दवाखान्यात आया. बेडपॅन उचलता उचलता कळलं, की माणसाजवळ दोन मिनिटं बसून बोललं तर त्याचा जीव खाली बसतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, बारावी केली. नोकरी करत करत मानसशास्त्रात एम.ए. या क्लिनिकात आधी रिसेप्शनला होते. एक दिवस सर म्हणाले, सीबीटी शिक. माणसाच्या मनात येणारा विचार आणि त्याचं वागणं, यांची गाठ त्याच्यासोबत बसून सोडवायची, असा तो उपचार. सरांच्या हाताखाली पेशंट बघायचे, शेवटी सरांच्या सहीचं पत्र मिळणार, मग मी थेरपिस्ट.

त्या दिवशी मी सरांच्या पाया पडले होते. खोटं कशाला सांगू. मला कोणी खुर्ची दिली तरी मी अर्धीच वापरते.

पहिल्याच तासाला सरांनी शिकवलं होतं, पेशंटचा विचार त्याच्याच शब्दांत लिहायचा. शब्द बदलला की विचार बदलतो.

फळ्यावरचं वाक्य एका ड्रायव्हर भाऊंचं होतं. पन्नाशीचे. कोराडीला कोळशाचा ट्रक चालवायचे. एका अपघातानंतर झोप गेली, काम सुटलं. दोन महिने माझ्यासमोर मान खाली घालून बसले. मनाला किती बरं वाटतं, दहापैकी सांगा, असं मी दर वेळी विचारायची. ते दोन म्हणायचे. त्या शुक्रवारी दाढी करून आले. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, आठ. जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का, हेही मी विचारलं. हसले. "नाही वं ताई. आता कायचं."

निघताना कडीवर हात ठेवून थांबले. तेव्हा ते वाक्य बोलले. मी विचारलं, काहून वाटून राहिले, भाऊ? त्यांनी दार हळूच लावलं, घरात कोणी झोपलं असावं तसं.

मी नोंद लिहिली, पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. सर आत दुसऱ्या पेशंटसोबत होते. दार वाजवायची मला भीती वाटली. सकाळी दाखवू म्हणून घरी गेले. ही चूक माझी. ती मी कोणाच्या अंगावर टाकत नाही.

सर पुण्याचे, नागपूरला येऊन दीडच वर्ष झालेलं. त्यांनी माझी ओळ पुसली आणि शुद्ध करून लिहिली. 'सर्वांना भेटून आलो. सामानाचे वाटप झाले. आता घरीच राहिलो आहे.' फाइलमधल्या आठवर बरोबरची खूण केली. म्हणाले, माणसांत मिसळायला लागलाय, वाटण्या उरकल्यात, ओझं उतरलंय, पुढची भेट महिन्यानं द्या. मग ते वाक्य मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं. उच्चार सुधारावेत म्हणून.

तिसऱ्या वेळी जीभ अडली. सरांच्या वाक्यात माणूस घरी येऊन बसला होता. भाऊ तर अजून दारोदार फिरत होते. आमच्याकडे 'भेटून राहिलो' म्हणजे भेटणं चालू आहे, उरकलेलं नाही. उरकलं की पुढे काय, ते त्यांचं ठरलं होतं, म्हणून तर दोनाचे आठ झाले होते.

"सर, ते थांबले नाहीत. निरोप घेत फिरताहेत."

"शुद्ध लिहिता येत नाही आणि मला अर्थ सांगतेस? हेच फाइलमध्ये लिही आणि सही कर खाली. आया होतीस तेव्हा बरी असशील. विचारल्याशिवाय बोलत नसशील."

मी त्या दोघांकडे पाहिलं. त्यांना अर्थ कळत होता. दोघंही फाइल चाळत बसली.

सही केली तर पत्र. पेन कागदाला टेकलं होतं, हेही सांगते. मग ते खाली ठेवलं. "मी सही नाही करत." म्हटलं आणि उठले.

बाहेर पॅसेजमधून भाऊंच्या बायकोला फोन लावला. ती खुशीत होती. काल मेहुण्याला घड्याळ दिलं, आज सकाळीच पान्यांची पेटी घेऊन काटोलला बहिणीकडे गेले, म्हणाली. "बरे झाले म्याडम, तुमच्यानं. सगळ्यायले भेटून राहिले."

मी तिला सरळ सांगितलं, हे बरं होणं नाही. नणंदेला आत्ताच्या आत्ता फोन करा. त्यांच्याजवळ माणूस बसवा, एक मिनिट एकटं सोडू नका.

भाऊंच्या मेहुण्यानं त्यांना दुपारी काटोलहून गाडीत घालून थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी गेटवर उभी होते. भाऊ उतरले. माझ्यासमोर आले.

"एकच घर राहिलं होतं. काहून आडवी आली तू?"

ते भरती झाले. जिवंत आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.

सरांनी पत्र दिलं नाही. दुसऱ्या एका म्याडमच्या हाताखाली पुन्हा पहिल्यापासून शिकले. आता मी थेरपिस्ट आहे. सरांचे उपकार आठवतात. ते खरेच होते, म्हणून तर इतके दिवस गप्प बसता आलं.

पण त्या क्लिनिकात एक लोखंडी कपाट आहे. त्यात सरांच्या त्या दीड वर्षाच्या फायली, सगळ्या शुद्ध केलेल्या. रिसेप्शनला असताना, न आलेल्या पेशंटना फोन लावायचं काम माझं होतं. काही फोन कोणी उचलायचंच नाही. पुन्हा लावला तरी नाही. सर म्हणायचे, लिहून टाक, बरा झाला. मी लिहायची. माझ्या अक्षरात.

जेवढी नावं आठवली तेवढी कागदावर उतरवलीत. आता एकेका घरी जाणार आहे. दार कोण उघडेल, मला माहीत नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो असेल तर मला तो बघावा लागेल. घरच्यांची हरकत नसेल तर त्यांचं म्हणणं घेऊन, जिथं तक्रार ऐकतात तिथं देणार आहे. पहिल्या पानावर मी लिहिलेले सगळे 'बरा झाला' असतील. शिक्षा व्हायची असेल तर माझ्यापासून होऊ दे. पण ते कपाट मी उघडायला लावणार.