बसायचं ठरलं, उठायचं राहिलं

आमच्या वस्तीला सार्वजनिक संडास मिळणार हे कळलं, त्याच दिवशी त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून मारामारी झाली. अजून एक वीट आली नव्हती, पण नावाला दोन थोर पुरुष तयार होते. नशीब, दोघेही हयात नव्हते. नाहीतर त्यांनीच हात जोडले असते, की बाबांनो, आम्हाला यातून वगळा.

चिकलठाण्याला कारखान्यांच्या मागे आमची पत्र्याची घरं होती. खुलताबादकडच्या डोंगरात आमची मेंढरं होती. दुष्काळात ना चारा राहिला ना पाणी, तेव्हा ती विकून आम्ही शहरात आलो. नवरा कारखान्यात कंत्राटावर लागला. घरात आम्ही दोघं आणि सासू. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. आत्यानं जन्मभर मेंढरांमागं हिंडून गुडघ्यांची पार माती करून घेतली होती. खाली बसायची कशीबशी, पण उठवायला माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे मी.

पहाटे आम्ही दोघी टमरेल घेऊन बाभळींत जायचो. मी पाठ करून उभी राहायची. मागून "ए" असा आवाज आला, की वळायचं, तिचे दोन्ही हात धरायचे आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं तिला ओढायचं. आभार तर सोडाच, वर बोलणी खायची. "हळू की गं, हात उपटती का माझा?" आणि हळू ओढलं तर, "तुझ्या बापानं भाकरी घातली नाय का तुला?"

मग शहर वाढायला लागलं. बाभळी तुटल्या, तिथं भिंत आली, भिंतीमागं फ्लॅट आले, फ्लॅटला बाल्कन्या आल्या. बाल्कनीत चहा पिणाऱ्यांना सकाळी सकाळी आमचं दर्शन नको होतं. तेही बरोबरच, आम्हालाही त्यांचं नको होतं. पण त्यांनी खिडकीला पडदे लावले आणि आम्ही आणखी लांब, नाल्यापलीकडं गेलो.

एकदा मी तापानं पडले होते. आत्या मला न उठवता एकटी गेली आणि तिथंच अडकली. उठायला आधार म्हणून तिनं तिथल्या एका बाभळीचं खोड धरलं, तर काटे तळहातात घुसले. ऊन वर आल्यावर शेजारणीनं तिला आणलं. त्या दिवसापासून आत्यानं संध्याकाळचं जेवण अर्ध्या भाकरीवर आणलं. पाणीही घोटभरच प्यायची. विचारलं तर म्हणायची, "भूक नाय." आमचं दोघींचं कधी पटलं नाही, हे मी आजही सांगते. पण तिची उरलेली अर्धी भाकरी मी रोज झाकून ठेवायची, आणि सकाळी ती तशीच असायची.

अशात एका संस्थेची माणसं आली. लोकांना विचारून संडास बांधायचा, असा त्यांचा नवा विचार होता. खादीचे कुर्ते, गळ्यात झोळ्या, आणि बरोबर एक बारीक इंजिनिअर. मारुतीच्या पारापुढं सतरंजी टाकून त्यांनी आम्हाला रंगीत खडू दिले आणि त्यातली एक बाई म्हणाली, "ताई, तुमच्या स्वप्नातला संडास काढा."

आमच्यात संडास स्वप्नात आला तर सकाळी उठून अंथरूण बघतात. पण बायांना एवढं सांगायचा धीर झाला नाही. जिला जे येत होतं ते तिनं काढलं. कुणी मोर काढला, कुणी तुळशीवृंदावन. संस्थेच्या बाईंना मोर फार आवडला. "सौंदर्यदृष्टी!" असं म्हणून त्यांनी तो कागद जपून झोळीत ठेवला.

पुरुषांना मात्र सगळं पाठच होतं. एकाला पुढं कमान पाहिजे होती. एकाला वर टीव्हीची खोली. मग प्रत्येक गल्लीला वेगळं दार पाहिजे असं निघालं. आमच्या सीटवर त्या गल्लीचे बसता कामा नयेत, त्यांच्या सीटवर आम्ही बसणार नाही. पोटाला जात नसते, पण सीटला असते, हे मला त्या दिवशी कळलं. पाण्याचं काय, असं कुणी तरी विचारलं. प्यायचा टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, आणि इंजिनिअरच्या चित्रात तर छपरावर मोठी टाकी होती. इंजिनिअर म्हणाला, "बोअर घेऊ." आजूबाजूला बोअरच्या गाड्या रात्रंदिवस जमिनीतून नुसती धूळ काढत होत्या. तरी आम्ही मान डोलावली. साहेबांना नाही कशाला म्हणायचं?

दुसऱ्या बैठकीला त्यांनी मैदानात चुन्याच्या फक्कीनं संडासाचे चौकोन आखले, अगदी खऱ्या मापाचे. "आत बसून बघा, जागा पुरते का," असं सांगून इंजिनिअर स्वतःच पँटच्या इस्त्रीला जपत एका चौकोनात उकिडवा बसला. "बघा, ऐसपैस!" मग काय, पुरुषांची रांगच लागली. जो तो बसतोय, उठतोय, पाव्हण्यांसारखी मान हलवतोय. "एकदम बढिया, साहब."

बाया कडेला पदर तोंडात धरून उभ्या. एवढ्या माणसांसमोर कोण बसणार? "म्हणजे बायांचीही संमती आहे," असं म्हणून इंजिनिअरसाहेबांनी वही मिटली.

तेवढ्यात आत्या पुढं झाली. समोर खुर्चीवर तिचे थोरले दीर बसलेले होते. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, तोंडातून शब्द काढला नव्हता. पदर तसाच पुढं ओढून ती चौकोनात गेली आणि कण्हत कण्हत खाली बसली. दीर चपला शोधायला लागले.

"पुरते ना जागा, आजी?" इंजिनिअर म्हणाला.

"बसायला पुरती. आता उठायचं कसं ते सांग."

इंजिनिअरनं हात पुढं केला. आत्यानं तो झटकला. "तू येणार हायस का रोज माज्यासंगं?"

मी धावले, तर माझ्यावरच ओरडली. "तू मागं हो. बघू दे त्यांना."

आणि ती तशीच बसून राहिली. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं आणि तरी तिनं उठू नये असंही वाटत होतं. संस्थेच्या फोटोवाल्यानं तेवढ्यात चारी बाजूंनी तिचे फोटो काढून घेतले. "भितीला दांडा लाव," आत्या म्हणाली, "हाताला धरायला. लिही आधी, मग उठते." शेवटी इंजिनिअरनं वही उघडली, दांडा लिहिला, तिला वाचून दाखवला. मग तिनं माझ्याकडं बघून "ए" केलं.

संडास झाला. कमान झाली, भिंतीवर मोर झाला, टाकीही झाली. टाकीत पाणी तेवढं नव्हतं, पण तो काही संडासाचा दोष नव्हे. उद्घाटनाला पाव्हणे आले, फीत कापली गेली आणि पाव्हणे जेवायला निघून गेले. दारात मोठा बॅनर होता. त्यावर चुन्याच्या चौकोनात बसलेली आत्या आणि तिच्यावर वाकलेले पांढऱ्या शर्टातले इंजिनिअरसाहेब. खाली लिहिलं होतं, 'लोकसहभागातून'.

आत्या पुष्कळ वेळ बॅनरकडं बघत राहिली. "मी बसलेलीच दिसते की गं. उठल्याचा फोटू नाय काढला का कुणी?"

"नाही, आत्या."

तिनं माझ्या हातातलं टमरेल घेतलं आणि आत जाऊन कडी लावली. मी सवयीनं हात मोकळे करून दारापाशी उभी राहिले. "ए" काही येईना. मला भीती वाटायला लागली. "आत्या, येऊ का?" म्हटलं, तर आतून आवाज आला, "आलीस तर तंगडं मोडीन."

मग कडी निघाली. आत्या उभी होती. दांड्याचा तांबडा रंग अजून ओला होता, तो तिच्या तळहाताला लागला होता.

"बोलव त्या फोटूवाल्याला."

"तो गेला जेवायला."

आत्यानं बॅनरवरच्या साहेबाच्या शर्टाला हात नीट पुसला आणि एकटीच घराकडं चालायला लागली. संध्याकाळी मी नेहमीसारखी तिच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"का गं, उपाशी मारती का मला?"