आईची झुलपं

बाईचं कपाळ सारवलेल्या अंगणासारखं मोकळं असावं, असं आईचं ठाम मत होतं. तेल लावून केस मागे चोपून बसवायचे, मधोमध भांग पाडायचा आणि भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून मेणावर गोल कुंकू लावायचं. माझ्या कपाळावर चुकून एखादी बट आली, तरी ती विचारायची, ‘कुणाशी भांडून आलीस?’ हे मत ती साताऱ्याकडून लग्न होऊन येताना ट्रंकेबरोबर घेऊन आली होती आणि वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत तिने ते नीट जपलं होतं. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वाशीतल्या पोरींनी एकामागून एक कपाळावर केस कापून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातल्या काहींचे तर मीच कापायला लागले, तेव्हा आमच्या घरात जेवताना फार कमी बोलणं व्हायचं.

बारावीनंतर मी पार्लरचं काम शिकायला जात होते. पार्लर म्हणजे एका रो-हाउसची पुढची खोली. भिंतभर आरसा, फिरणारी एक खुर्ची, न फिरणाऱ्या दोन, आणि दाराशी काचेचा छोटा काउंटर. त्यात क्लिपा, रबरं, बांगड्या, टिकल्यांची पाकिटं. चालवणारी बाई खाडीकाठच्या गावातली होती. घरची शेती शहरासाठी गेली, तेव्हा सासरच्यांनी मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर घर बांधलं आणि हिने हट्टाने पुढची खोली मागून घेतली. तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा तिला ताई म्हणायच्या. मीही म्हणायचे.

कपाळावरचे केस हे ताईचं खास काम. पोरी मासिकातलं कात्रण घेऊन यायच्या आणि ‘सेम असंच पाहिजे’ म्हणायच्या. ताई कात्रणाकडे बघायचीसुद्धा नाही. ती आधी पोरीला बोलती ठेवायची आणि तेवढ्यात तिच्या कपाळावरून हात फिरवून घ्यायची. कपाळ दोन बोटांचं असेल, तर भुवयांपर्यंतची सरळ झालर कापायची नाही, चेहरा टोपी घातल्यासारखा दिसतो. गोल चेहऱ्याला मधे आखूड आणि कानाकडे लांब. जाड, ताठ केस एका रेषेत कापले तर झाडू दिसतो, म्हणून कात्री उभी धरून टोकं विरळ करायची. पातळ केसांना उलट मागून थोडे जास्त केस पुढे घ्यायचे, नाहीतर कपाळावर चार दोरे लोंबतात. बॉबकट असेल तर पूर्ण झालर शोभते, लांब वेणीवाल्या मुलीला बाजूला वळणाऱ्या दोन बटा पुरतात. काहींना मात्र रोलर लावून, ड्रायर मारून, वरून स्प्रे फवारून पुढे कोंबडाच हवा असायचा. तोही ताई काढून द्यायची. संध्याकाळी खाडीवरून दमट वारा सुटला की तो कोंबडा मान टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी तक्रार घेऊन हजर.

सगळ्यात अवघड कुरळे केस. मी शिकायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात ताईने बजावून ठेवलं होतं, ‘ओलं केस खोटं बोलतान गो. सुकलं का मंग खरं सांगतान.’ कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर उडी मारतात, म्हणून ते कोरडेच कापायचे, तेही हव्या त्या मापापेक्षा दोन बोटं खाली. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तीन-चार महिन्यांत मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. बसमध्ये, बाजारात, देवळातसुद्धा मी बायकांच्या कपाळांना मार्क द्यायचे. घरी तर आईचं कपाळ परीक्षेला कायमच बसलेलं. आईचं ते मेण आणि कुंकू मला गावठी वाटायचं. उन्हात मेण वितळून कुंकू नाकापर्यंत ओघळायचं, मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. म्हणून गणपतीत, हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले तेव्हा, मी पार्लरच्या काउंटरमधून तिच्यासाठी टिकल्यांचं पाकीट घेतलं. गर्द मरून रंगाच्या, बारीक सोनेरी कडेच्या बारा टिकल्या. आईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, देवापुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मेणाची डबी बाजूला सारून टिकली लावली. मी जग जिंकलं होतं. आठवड्याभराने ती म्हणाली, ‘जरा खाज येते गं हिने.’ मी केस विंचरता विंचरता म्हणाले, ‘सवय होईल.’

दिवाळीच्या सुमारास तिच्या कपाळावर लाल चट्टा दिसला. करंज्या तळताना तेल उडालं, असं तिने सांगितलं. मला ते खरं वाटलं, कारण करंज्या खरंच तळल्या होत्या आणि मी खाल्ल्याही होत्या. पुढे तो चट्टा पांढरा पडत गेला आणि रुपयाएवढा झाला. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सहा महिने कपाळाला काही म्हणजे काही लावायचं नाही, असं सांगितलं. मग आईला अचानक थंडी वाजायला लागली. वाशीची थंडी ती केवढी, पण बाई भुवयांपर्यंत स्कार्फ बांधून दूध आणायला जायची. पुढे पुढे तेही माझ्यावर आलं.

संक्रांत जवळ आली तेव्हा मला सगळं नीट कळलं. सवाष्ण बाईचं कपाळ उघडं, आणि वर पांढरा डाग. डाग भाजल्याचा आहे हे किती जणींना सांगत फिरणार? बायका समोर मान हलवणार आणि जिन्यात म्हणणार, कोड आहे. एकदा तो शब्द घराला चिकटला की सुटत नाही, आणि घरात लग्नाची मुलगी मी. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी येत राहणार होती. आधीच्या वर्षी आख्ख्या बिल्डिंगचं तिळगुळाचं नियोजन आईने केलं होतं. या वर्षी ती म्हणाली, पाय दुखतात, कुठे जायचं नाही. मला तिची फार दया आली, आणि थोडा रागही. ही घरात बसली तर संशय अजून वाढेल, एवढं साधं तिला कळू नये?

आणि मग एका रविवारी दुपारी ती न्हाऊन आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, ‘तू त्या पोरींना कापतेस ना झुलपं, तशी मला काप.’

मला इतका आनंद झाला की मी ताईचं सगळं विसरले. केस ओले होते. आईचे केस कुरळे. तेलाने वर्षानुवर्षं चोपलेले असल्यामुळे ते कुरळे आहेत हे मला कधी जाणवलंच नव्हतं. शिवाय पुढच्या बाजूला, अगदी कपाळाच्या कडेला तिला भोवरा. ‘म्हणूनच आजी म्हणायची, ही हट्टी निघणार,’ असं ती हसत सांगत होती आणि मी भुवयांच्या रेषेत कात्री चालवत होते. झालर सुंदर दिसली. मी आरसा धरला. आईने स्वतःकडे नवख्या बाईकडे बघावं तसं पाहिलं.

अर्ध्या तासात केस वाळले आणि वर चढायला लागले. आधी भुवया दिसल्या, मग डाग. भोवऱ्याने केस बरोबर मधोमध फाकवले, आणि पडदा सरकवून दाखवावा तसा तो पांढरा रुपया मधे उभा राहिला. मी पाणी लावलं, जेल लावलं, क्लिप लावली. क्लिपेने तर डागाकडे बोटच दाखवल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आई ओरडली नाही. ती म्हणाली, ‘असू दे. स्कार्फ आहे.’ ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी ताईकडे जाऊ म्हणाले, तर ती नको म्हणाली. बाहेरच्या कुणालाही डाग दाखवायचा नव्हता. शेवटी मी रडायला लागले तेव्हा ती उठली. पार्लर बंद व्हायच्या वेळेला आम्ही गेलो. आत गिऱ्हाईक नव्हतं. ताईने आईला फिरत्या खुर्चीत बसवलं, स्कार्फ सोडला आणि माझ्या कामाकडे एकदाच पाहिलं. तिने अंगठा सरळ त्या डागावर ठेवला. आईने दचकून मान मागे घेतली, कारण त्या काळी असल्या डागाला कुणी हात लावत नसे. ताईने अंगठा तसाच ठेवला.

‘ह्यो भाजल्याचा नाय, वैनी,’ ती म्हणाली. ‘ह्यो टिकलीच्या गोंदाचा हाय. माज्याकडं आल्यान दोघीतिघी. कनची लावायच्या टिकली?’

मी बाजूला हातआरसा धरून उभी होते. आरशात आईची नजर क्षणभर माझ्याकडे आली आणि लगेच वळली.

‘कुठलीतरी,’ आई म्हणाली. ‘स्टेशनजवळच्या गाडीवरची.’

दाराशी काउंटरमध्ये मरून टिकल्यांची पाकिटं टांगलेली होती. सोनेरी कड ट्यूबलाइटमध्ये चमकत होती. ताईनेही तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कंगवा उचलला. आईच्या डोक्यावर मागून, पार टाळूजवळून, नवे लांब केस तिने पुढे घेतले. मी आखूड करून ठेवलेल्या केसांवर तिने त्यांचं पांघरूण घातलं. भोवरा ज्या बाजूला ओढत होता त्याच्या उलट बाजूला ते वळवले, वजनाने तो दबेल इतके लांब ठेवले, आणि कोरड्या केसांवर, थोडे थोडे करत, कात्री उभी धरून टोकं कापली. पाऊण तास लागला. केस भुवईवरून तिरके कानाकडे गेले. आई दहा वर्षांनी लहान दिसत होती, आणि कपाळावर काय आहे, काय नाही, हे कुणाला कळलंच नसतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा काउंटरमधून टिकल्या काढून टाकलेल्या होत्या.

त्या रविवारी रात्री पार्लरमधून घरी आल्यावर आई स्वयंपाकाला लागली आणि मी तिचा फणीकरंडा उघडला. मेणाच्या डबीखाली ते पाकीट होतं. रिकामं. मला वाटलं होतं, खाज सुटल्यावर तिने एखाद-दोन लावून बाकीच्या ठेवून दिल्या असतील. बाराच्या बारा संपल्या होत्या. म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंत ती खाजवत, चट्टा उठलेल्या जागेवरच टिकली लावत राहिली होती. का, तर मी आणली होती, आणि मी सांगितलं होतं की सवय होईल. डॉक्टरांनी तिला खरं कारण तेव्हाच सांगितलं असणार. तेल उडालं हे तिने लोकांना सांगायच्या आधी मला सांगितलं होतं. मी पाकीट पुन्हा डबीखाली ठेवलं आणि पानं घ्यायला गेले.

रथसप्तमीला ताईकडे, खाडीकाठच्या गावातल्या तिच्या जुन्या घरी, हळदीकुंकू होतं. आई हिरवं लुगडं नेसून आली. ताईने तिच्या कपाळाला हात लावला नाही. तिने हळद गालांना लावली आणि कुंकू भांगात भरलं, इतक्या सहजपणे की जणू त्यांच्याकडे तशीच पद्धत असावी. माझा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी, ‘बघू बघू, ही फॅशन कधी केली,’ म्हणत आईची झुलपं बोटाने वर उचलली.

सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. मी वाणाचं ताट धरून उभी होते. मला बोलायचं होतं, शब्द तोंडात आलेही होते, आणि मी बोलले नाही. अठरा वर्षांची होते, पण ते काही कारण नव्हे.

आई हसली. करंज्यांचं तेल कसं तापलं होतं, एक करंजी कशी फुटली, कपाळ कसं चरचरलं, हे तिने असं रंगवून सांगितलं की दोघीतिघींनी आपापले भाजल्याचे डाग दाखवले. एकीने कोरफड लावायला सांगितली. मग आईने काकूंचं बोट हळूच बाजूला केलं, झुलपं खाली घेतली आणि म्हणाली, ‘माझ्या लेकीने कापली. पार्लरचं शिकतीय ती.’

डाग भरायला तीन वर्षं लागली. कुंकू पुन्हा लागलं, मेणावरचं. झुलपं मात्र राहिली. पुढे मी माझं स्वतःचं पार्लर काढलं, तिथे खुर्चीत बसणारी पहिली बाई आई होती, आणि आजही दर दीड महिन्याने ती येते. केस आता पांढरे आणि मऊ झालेत, भोवऱ्यातही दम राहिलेला नाही. मी कोरडेच कापते. कापण्याआधी ते वर उचलते आणि डागाची जागा बघते. तिथे काहीही नाही.

गेल्या खेपेला मी विचारलंच. म्हटलं, आई, ते तेल नव्हतं ना? तिने केस डोळ्यात जाऊ नयेत म्हणून डोळे मिटलेले होते, ते तसेच ठेवले.

‘तू पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी आणलं होतंस,’ ती म्हणाली. ‘डावीकडून अजून थोडे काढ. हल्ली जास्तच ठेवतेस तू.’